लीहाय ते मोआब: ट्रकवर कॅम्पर आणि मागे ट्रेलरवर साइड-बाय-साइड. जमेल का?

मिरजकर_लीहाय

नमस्कार मंडळी.

आम्ही युटातल्या लीहायला असतो. मी, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. ऑक्टोबरात आई-बाबा मिरजेहून येतायत आणि बाबांना मोआबचे लाल खडक दाखवायचे आहेत. गेल्या वर्षी मी चार सीटचं साइड-बाय-साइड घेतलं (वाळू-खडकात चालणारी, वरून पिंजऱ्यासारखी उघडी गाडी). ती आणि तिचा ट्रेलर मिळून सामानासकट २,८०० पौंड होतात.

आता एक वापरलेला ट्रक कॅम्पर चांगल्या किमतीत मिळतोय. ट्रकच्या हौद्यात बसणारा, टपावर पुढे आलेला पलंग, आत शेगडी, बाथरूम, सगळं. माहितीपत्रकात वजन १,७०० पौंड दिलंय. माझा ट्रक हाफ टन (पिकअपमधला हलका वर्ग), चार दारांचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर वाहायची मर्यादा १,७२० पौंड लिहिलीय, म्हणजे कॅम्पर बसतो. ओढायची क्षमता ११,००० पौंड आहे, म्हणजे ट्रेलरचा प्रश्न नाही. विकणाराही म्हणाला की आरामात जाल.

रस्ता स्पॅनिश फोर्क कॅन्यनमधून, सोल्जर समिट चढून प्राइस, पुढे ग्रीन रिव्हर आणि मग हायवे १९१ ने खाली मोआब.

मला दोनच गोष्टी विचारायच्यात. कॅम्पर ट्रकच्या मागे जवळपास तीन फूट बाहेर येतो, तर हिचला (ट्रेलर जोडायचा मागचा सांधा) कुठलं एक्स्टेन्शन लावू? आणि मागच्या स्प्रिंगांना एअरबॅग (आधाराचे हवेचे फुगे) लावल्या की पुरे ना?

अण्णा_ग्रँडजंक्शन

मिरजकर, एक्स्टेन्शनचं नंतर बोलू. हा कॅम्पर या ट्रकवर घेऊ नका. पैसे दिले नसतील तर आजच नाही म्हणून कळवा.

मी गेली नऊ वर्षं हेच करतोय. ट्रकवर कॅम्पर, मागे ट्रेलरवर साइड-बाय-साइड. इथून मोआब शंभर-सव्वाशे मैल, त्यामुळे वसंत आणि शरद दोन्ही हंगामांत फेऱ्या होतात. फार सुंदर प्रकार आहे, तुम्हाला तो करावासा वाटतो यात काही चूक नाही. पण आई-वडील गाडीत बसणार आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

स्टिकरवरच्या १,७२० पौंडांत फक्त कॅम्पर येत नाही. ट्रकमध्ये आणि ट्रकवर जे जे चढेल ते सगळं त्यात धरायचं. माणसंसुद्धा. तुमचा हिशेब मांडतो. पाच माणसं, ७०० पौंड. माहितीपत्रकातलं १,७०० हे कोरड्या कॅम्परचं वजन. त्यात एसी, बाहेर उघडणारं कापडी छत, जास्तीची बॅटरी असं वरून बसवलेलं काही बहुतेक धरलेलं नसतं, ते २०० धरा. पाणी एका गॅलनला ८.३४ पौंड, ३० गॅलनची टाकी भरली की २५०. गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या ७५. भांडीकुंडी, अंथरुणं, कपडे, खाणं ३००. झाले ३,२२५, आणि ट्रेलर अजून जोडलेलाच नाही. ट्रेलरची दांडी हिचवर जो भार टाकते, म्हणजे टंग वेट, तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. २,८०० चे १२ टक्के धरले तर ३४० च्या आसपास. एक्स्टेन्शन आणि हिचचं लोखंड १००. एकूण ३,६६५. ट्रकची ताकद १,७२०.

दुपटीच्या वर जातंय. एअरबॅग लावल्या की ट्रकचा मागचा भाग वर उचलला जाईल, बघायला सरळ दिसेल, पण आस, बेअरिंग, ब्रेक, टायर जुनेच राहणार. स्टिकरवरचा आकडा एअरबॅगने एका पौंडानेही वाढत नाही. ११,००० हा आकडा ओढायचा आहे, वाहायचा नाही. विकणारे लोक हे दोन आकडे एकाच दमात सांगतात आणि ऐकणारा मोठा आकडा लक्षात ठेवतो. मलाही पहिल्या वेळी असंच सांगितलं होतं.

आता तीन फुटांचं. तुम्ही मिरजेचे, मी विट्याचा, त्यामुळे हे समजायला अडचण येऊ नये. हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चढाला लागला की त्याची पुढची चाकं कशी उचलतात ते आपण लहानपणापासून बघितलंय. पुढे वजन हवं म्हणून माणसं बॉनेटवर बसायची. इथेही तेच होतं, फक्त डोळ्याला दिसत नाही. मागच्या आसापासून हिचचा बॉल (ज्या गोळ्यावर ट्रेलरची दांडी बसते तो) जितका लांब, तितकी तरफ मोठी. माझा ट्रक वन टन (तुमच्याहून जड वर्ग), मागे एकेरी चाकं, आठ फुटी हौदा, व्हीलबेस, म्हणजे दोन आसांमधलं अंतर, १६९ इंच. एक्स्टेन्शनमुळे बॉल मागच्या आसापासून ९६ इंचांवर जातो. मी कॅट स्केलवर (ट्रक थांब्यांवरचा मोठा वजनकाटा) दोनदा वजन केलं. ट्रेलर न जोडता पुढचा आस ४,८२०, मागचा ६,३४०. ट्रेलर जोडून पुढचा ४,६४०, मागचा ६,८४०. म्हणजे दांडीचा भार ३२०, पण मागच्या आसावर चढले ५०० आणि पुढच्या चाकांवरून उतरले १८०. स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक ज्या चाकांवर चालतात तीच हलकी झाली. माझ्या मागच्या आसाची मर्यादा ७,००० आहे. उरले १६० पौंड. एवढा मोठा ट्रक असून माझ्याकडे शिल्लक एका माणसाच्या वजनाइतकी.

हिचची क्षमताही एक्स्टेन्शनने घटते. रिसीव्हरवरचं (ट्रकला बसवलेली, हिच अडकवायची चौकोनी नळी) लेबल बॉल तिथेच जवळ आहे असं धरून लिहिलेलं असतं. कॅम्परवाले लोक त्यासाठी फ्रेमला बोल्टने बसणारं, दोन तोंडांचं मोठं रिसीव्हर घेतात, टॉर्कलिफ्टचं सुपरहिच त्यातलं माहितीतलं. पण ते पुढच्या ट्रकचं बघू.

एक प्रसंग सांगतो. हे लिहिताना अजून तळहाताला घाम येतो.

दुसऱ्याच वर्षी मार्चमध्ये आम्ही आय-७० ने निघालो होतो. फ्रूटा मागे पडलं की युटाची हद्द लागते आणि मग सिस्कोपर्यंत नुसतं उघडं माळरान, वारा आडवा. ट्रेलरच्या पुढच्या भागात मी लाकडं आणि मोठा कूलर ठेवला होता, म्हणून साइड-बाय-साइड जरा मागे उभं केलं. त्याचं इंजिन सीटच्या मागे असतं हे डोक्यातच नव्हतं. एक अठरा चाकी डावीकडून पुढे गेला. आधी त्याने आम्हाला आत ओढलं, मग बाहेर ढकललं, आणि मागून एक धक्का आला. मग उलट बाजूने आला. मग अजून मोठा. आरशात ट्रेलर एकदा डावीकडे दिसायचा, एकदा उजवीकडे. बायको शेजारी होती, ती एक शब्द बोलली नाही, नुसतं वरचं हँडल धरून बसली. पाय ब्रेककडे गेला होता. तो दाबला असता तर ट्रक हळू झाला असता आणि ट्रेलरने मागून ढकललं असतं. सुदैवाने एका म्हाताऱ्या ट्रकवाल्याने आधी सांगून ठेवलं होतं: स्टिअरिंग सरळ धर, पाय अॅक्सिलरेटरवरून काढ आणि ब्रेक कंट्रोलरची पट्टी हाताने दाब. ती पट्टी दाबली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ येतो. आला.

कडेला थांबून उतरलो. ट्रेलर सोडला, जॅकला हात न लावता दांडी धरली आणि ती एका हाताने वर आली. एका हाताने! २,८०० पौंडांच्या ट्रेलरची दांडी दोन हातांनीही हलता कामा नये.

आपल्याकडे याला शब्द आहे. गाडी उलार झाली. बैलगाडीत मागे जास्त भरलं की जू वर उचलतं, गळ्यातली जोती आवळतात आणि बैल घुसमटतो. पुढे फार भरलं की गाडी धुरजड होते आणि खांदे सोलतात. भरणारा गडी त्यामुळे जू हाताने उचलून बघायचा आणि मगच बैल जुंपायचा. ट्रेलर किंचित धुरजड हवा. इथल्या सगळ्या पुस्तकांतलं १०-१५ टक्के म्हणजे तेवढंच.

त्या दिवशी लाकडं मागे टाकली, गाडी चौदा इंच पुढे घेतली. घरी आल्यावर ट्रेलरच्या फळ्यांवर पांढऱ्या रंगाने दोन आडव्या रेघा मारल्या, पुढची चाकं बरोबर तिथेच थांबवायची म्हणून. रेघा अजून आहेत, दर वर्षी रंग पुन्हा देतो.

बाकी बारीकसारीक. कॅम्पर रुंद आणि ट्रेलर अरुंद, त्यामुळे तो आरशात दिसतच नाही. मडगार्डवर उभ्या काठ्यांना नारिंगी झेंडे लावा आणि मागे वायरलेस कॅमेरा. ट्रेलर जोडलेला असताना कॅम्परच्या पायऱ्या नीट उघडत नाहीत, दांडी मध्ये येते, म्हणून दुपारच्या चहाला आत जायचं तर कसरत. पेट्रोल पंपाच्या उतारावरून आत शिरताना ट्रेलरचा जॅक कॅम्परच्या पोटाला लागतो का ते पहिल्या दिवशी कुणालातरी खाली वाकून बघायला सांगा. प्रत्येक थांब्यावर ट्रेलरच्या चाकाच्या हबला हात लावा. कोमट ठीक, चटका बसला तर बेअरिंग गेलंय. ट्रेलरच्या टायरवर डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी कोरी दिसते पण टायर आठ वर्षांचा असतो.

तुमच्यापुरतं माझं मत असं: कॅम्पर सोडा, साइड-बाय-साइड न्या. पाच माणसं ७००, दांडी ३४०, हिच ५०, सामान ३००. झाले १,३९०. १,७२० मध्ये बसतं, एक्स्टेन्शन लागत नाही, बॉल जवळ राहतो. झोपायला मोआबमध्ये खोल्या घ्या. अजून एक. कॅम्परचा पलंग ड्रायव्हरच्या टपावर असतो, शिडीने चढून पोटावर सरकत जावं लागतं. माझी आई आली होती तेव्हा तिच्या गुडघ्यांना ते जमलं नाही. रात्री बाथरूमला उतरायचं म्हणजे अंधारात पाय चाचपडत. आम्ही तिसऱ्या दिवशी तिला खालच्या जेवणाच्या टेबलाचा पलंग करून दिला आणि आम्ही दोघं तंबूत झोपलो.

रेवा_फोर्टकॉलिन्स

अण्णांनी सगळं लिहिलंच आहे. मी दुसरी वाट सांगते, कारण आमच्याकडे ट्रेलरच नाही.

आमचा कॅम्पर पॉप-अप आहे, छत वर उचलायचं आणि कापडी भिंती. तो पूर्ण कॅम्परपेक्षा पुष्कळ हलका आणि बुटका, वारा कमी धरतो, ट्रकच्या मागेही फारसा येत नाही. मागे जीप रँग्लर, चारही चाकं रस्त्यावर ठेवून टो बारने ओढतो. ट्रेलर नसल्यामुळे हिचवर दांडीचा भार जवळपास शून्य, बारचं स्वतःचं वजन तेवढं. ज्यांचा ट्रक कॅम्परनेच भरत आला आहे त्यांच्यासाठी हा फार मोठा फरक आहे.

पण जीप जोडताना मन दुसरीकडे असता कामा नये. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या आसांना ताकद वाटणारी पेटी) न्यूट्रलमध्ये टाकायची, मग इंजिन चालू ठेवून गिअर ड्राइव्हमध्ये घालून बघायचं. जीप तसूभरही हलली नाही तर न्यूट्रल खरंच लागलाय. मग गिअर पार्कमध्ये. हो, पार्कमध्येच, पहिल्यांदा मलाही विचित्र वाटलं होतं. हँडब्रेक सोडलेला, स्टिअरिंग मोकळं. जीपमध्ये वेगळा सहायक ब्रेक बसवावा लागतो, आणि जोडणी तुटली तर तो आपोआप लागेल अशी तार. टो बार शक्य तितका आडवा सपाट हवा, तिरका असेल तर उंची जुळवणारा रिसीव्हर घ्या. आणि मागे घ्यायचं नाव नाही! रस्ता चुकला तर उतरायचं, जीप सोडायची, दोन्ही गाड्या वेगळ्या वळवायच्या. कोलोरॅडोतल्या ओरे गावच्या एका गल्लीत मी आणि नवऱ्याने पावसात हे केलंय. त्यानंतर मी कुठेही वळायच्या आधी नकाशा मोठा करून बघते.

मिरजकर, मोआबला जाताय म्हणून एक महत्त्वाचं. कॅन्यनलँड्स आणि आर्चेस या दोन्ही राष्ट्रीय उद्यानांत साइड-बाय-साइडला बंदी आहे, त्याला नंबर प्लेट असली तरी. बाबांना कॅन्यनलँड्समधला व्हाइट रिम दाखवायचं मनात असेल तर ते या गाडीने होणार नाही. तो शंभर मैलांचा रस्ता आहे, उंच फोर-व्हील-ड्राइव्ह लागते आणि आधी परवाना काढावा लागतो. मोआबजवळच्या सँड फ्लॅट्सला मात्र तुमची गाडी चालते. हेल्स रिव्हेंज ही खडकांवरची वाट तिथेच आहे, पण आई-बाबांना घेऊन फिन्स अँड थिंग्ज ही दुसरी वाट करा, आणि तेही दोन्हीकडचे पट्टे आवळून, हेल्मेट घालून. खडकाच्या पाठीवर चढताना समोर फक्त आकाश दिसतं, आधी सांगून ठेवा.

पश्चिमवारा

दोन्ही ओढत न्यायचा अट्टाहास कशाला? मोआबात साइड-बाय-साइड दिवसाच्या भाड्याने देणारी दुकानं भरपूर आहेत. आम्ही तेच करतो, आणि गाडी धुवायलाही लागत नाही.

अण्णा_ग्रँडजंक्शन

पश्चिमवारा, ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी हेच उत्तम. पण मिरजकरांकडे गाडी आहे आणि त्यांना ती वडिलांना स्वतः चालवून दाखवायची आहे असं मला वाटतं. मला तरी हवं होतं.

रेवाताई, ट्रान्सफर केसचं नीट लिहिलंत. न्यूट्रल अर्धवट लागून ओढलेल्या जीपचा गिअरबॉक्स मी गॅरेजमध्ये उघडलेला बघितलाय. आत काळा चुरा.

मिरजकर, घरच्या घरी दांडीचं वजन करायची युक्ती देतो. बाथरूमचा वजनकाटा थेट दांडीखाली ठेवू नका, मोडेल. चार फुटी जाड फळी घ्या. एक टोक विटेवर, दुसऱ्या टोकाकडे काटा, दोन्हींमध्ये तीन फूट. ट्रेलरची दांडी विटेपासून एक फुटावर टेकवा, म्हणजे काट्यापासून दोन फुटांवर. काटा जो आकडा दाखवेल त्याला तीनने गुणा, ट्रेलर मात्र सपाट उभा हवा. आणि सोल्जर समिटवरून (७,४७७ फूट आहे ते) प्राइसकडे उतरताना टो-हॉल मोड (ओझं ओढताना लावायची गिअरची सेटिंग) लावून इंजिनलाच गाडी धरू द्या, सतत ब्रेकवर पाय नको.

मिरजकर_लीहाय

अण्णा, रेवाताई, सगळ्यांचे मनापासून आभार. कॅम्परवाल्याला नाही सांगितलं. तो म्हणाला, अशाच ट्रकवर त्याने तीन विकलेत. मी वाद घातला नाही.

काल फळी, वीट आणि काटा मांडला. आकडा आला ७०. म्हणजे दांडीचा भार २१०, एकूण २,८०० वर जेमतेम साडेसात टक्के. गेलं वर्षभर मी असाच लिटल सहाराला (इथल्या वाळूच्या टेकड्या) जात होतो, मुलगी मागच्या सीटवर. गाडी पुढे पुढे घेत ११५ वर आणली, म्हणजे ३४५. मग फळ्यांवर पांढऱ्या रेघा मारल्या. मुलीने एका रेघेशेजारी 'इथे थांबा' असं मराठीत लिहिलंय.

आज आम्ही तिघं बसून, टाकी भरून, ट्रेलर जोडून कॅट स्केलवर गेलो. बटण दाबून बोलायचं असतं आणि ते ट्रकच्या खिडकीच्या मानाने फारच उंचावर होतं, दार उघडून पायरीवर उभा राहिलो. ट्रकच्या दोन आसांची बेरीज ६,०८०. माझी एकूण मर्यादा ७,०५०. उरले ९७०, त्यात आई-बाबा आणि बॅगा सहज मावतात. मोआबमध्ये तळमजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या.

एक सांगायचं राहिलं. माझे बाबा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं होते. स्लिपचा फोटो त्यांना पाठवला, अण्णांचं उलार-धुरजडही वाचून दाखवलं. ते बराच वेळ फोटो मोठा करून बघत होते. मग म्हणाले, "हे भरतीचं वजन झालं. रिकाम्याचं कुठाय? दोन्ही घेतल्याशिवाय पावती फाडायची नाही."

उद्या ट्रेलर घरी सोडून एकटा ट्रक घेऊन पुन्हा जातोय.